एक मासा झाला की

“एक मासा, बाबा. एक झाला की गाडीत बसायचं.”

“बसतो म्हटलं ना! किती टुमणं लावशील?”

ऑरविल यलोस्टोन नदीच्या गुडघाभर पाण्यात उभा होता. जानेवारीची दुपार. गळाच्या काठीवरच्या, दोरी ओवलेल्या कड्यांत बर्फ धरला की म्हातारा तो तोंडाने वितळवायचा आणि गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पुन्हा डोहात सोडायचा.

ट्रूडी काठावर हात काखेत घालून उभी होती. घराला कुलूप लागलं होतं, बापाची बॅग मागच्या सीटवर होती. अंधार पडायच्या आत त्याला बिलिंग्जच्या वृद्धाश्रमात पोहोचवायचं होतं. तिथून परत यायचं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दोरीवर तरंगणारा नारिंगी मणी अडखळला, खाली काहीतरी ओढत होतं. ऑरविलने काठी उचललीच नाही.

“अहो बाबा, लागला होता!”

“दगड होता.”

मणी पुन्हा बुडाला. पुन्हा दगड. ट्रूडीला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. काठी कधी उचलायची हे लहानपणी तिला यानेच शिकवलेलं, आणि आता लबाड तिलाच दगड सांगत होता!

तिसरा मासा मात्र म्हाताऱ्याचं ऐकेना. आपणहून गळाला अडकला आणि काठी वाकवून बसला. ऑरविलने नाइलाजाने त्याला जवळ ओढलं. हातभर लांब, तपकिरी ट्राउट. हातमोजे काढून त्याने गळ सोडवला आणि माशाला पाण्याखालीच, प्रवाहाकडे तोंड करून धरलं. दमलेल्या माशाला दम खाऊ द्यायचा आणि मगच सोडायचा, ही इथली रीत.

“झाला एक,” ट्रूडी कशीबशी म्हणाली.

“धाप लागलीय गं त्याला. जरा थांब.”

मासा केव्हाच सावरला होता, शेपटी आपटत होता. ऑरविलची बोटं निळी पडली तरी पकड सैल होईना.

“सोडा हो त्याला, बाबा. हात गोठतील.”

“एवढ्यात सोडला तर मरेल तो!” म्हातारा खेकसला.

तेवढ्यात माशाने हिसडा दिला. ऑरविलच्या तोंडावर पाणी उडालं. तो मात्र तसाच वाकून राहिला, हात पाण्यात.

ट्रूडी बुटांसकट पाण्यात उतरली आणि त्याच्या शेजारी वाकली. पाणी नितळ होतं. त्याच्या दोन हातांमध्ये तळाचे गोटे दिसत होते.

“गेला ना, बाबा?”

“नाही गं,” मान वर न करता तो म्हणाला. “आहे अजून.”