नानाजींचं लुगडं

नानाजी लुगडं घेऊन आले, तेव्हाच तांड्याला कळलं की मागून कागद येतोय.

ते आले त्याच बोटीनं. धरणातल्या मासळीचा ठेका नानाजींचा, मशीनची बोट नानाजींची, आणि पाणी सरकारचं असलं तरी त्यावरची वट नानाजींची. बोटीचं नाक नव्यानं निळं रंगवलं होतं. जिथं पोचा बसला होता तिथं रंग जरा जास्तच गडद होता. काठाला लागल्यावर चालकानं मशीन बंद केलं नाही. काम लवकर आटोपणार होतं.

महिन्यामागं, दिवस बुडताना, हीच बोट तांड्याच्या डोंग्यावर चढली होती. डोंग्यात पलीकडून सोयाबीन सोंगून परतणाऱ्या बाया होत्या. बाकीच्या पाण्यात पडल्या आणि वाचल्या. रामीबाईनं मात्र डोंग्याची कड सोडली नाही. बोट नेमकी तिथंच घासली. नानाजींनी तेव्हा एकच चौकशी केली होती, "मेलं का कोनी?" नाही म्हटल्यावर त्यांनी तो विषय जमेला धरला.

आता तो नावे पडायला निघाला होता. मंगरूळपीरच्या वकील रुचिकाताईंनी रामीबाईला सांगितलं होतं की बोटीच्या मालकाकडून भरपाई मागता येते, सोमवारी अर्ज लावू. म्हणून नानाजी रविवारी आले.

सोबत त्यांची बायको सोजरबाई, हातात ओटीचं ताट घेऊन. मागं भागवत, तहसिलीसमोर बसून लोकांचे कागद लिहून देणारा. नानाजींच्या लुगड्याची पंचक्रोशीत ख्याती होती. त्यांना सख्ख्या बहिणी तीन. तिघींना त्यांनी एकेक लुगडं नेसवलं. तिघींनी बापाच्या वावरावरची हक्कसोड लिहून दिली. त्यानंतर तिघींपैकी एकही माहेरी आली नाही.

"रामीबाई, आजपासून तू माही बहीन," नानाजी म्हणाले. "हे घे भावाचं लुगडं."

रामीबाई चटईवर बसली होती. जन्मभर घागरा नेसलेली बाई. नानाजींचं तिकडं लक्ष गेलं नाही. तिचा डावा हात ओढणीखाली होता. तिकडंही गेलं नाही.

सोजरबाईनं तिला कुंकू लावलं. लावताना नजर वर केली नाही. ताटात कुंकवाच्या करंड्याशेजारी, हळकुंडांच्या आड, निळ्या शाईचं पॅड होतं.

"हा कायचा कागद व्हय, दादा?" रामीबाईनं विचारलं.

"हक्कसोडच समज. बहिनीनं भावाले द्याचीच असते. भरपाईचं घेनं-देनं मिटलं, एवढंच लिहेल हाय."

"मांगच्या हप्त्यात तं तुमी म्हने, डोंग्यात बसनाऱ्याले हक्कच नसते. मंग आता सोडू काय?"

नानाजी हसले. हसताना ते तिच्याकडं नाही, पाण्याकडं पाहत होते.

"वकिलीनबाई मंगरूळपीरले राह्यते, रामीबाई. तुमाले रोज ह्याच पान्यातून जानं हाय. तुही शीलाही जाते न कापूस वेचाले? लहान हाय पोरगी. आजकाल अंधारही लवकर पडून राह्यला."

दारात उभ्या असलेल्या हरिसिंगनं, रामीबाईच्या नवऱ्यानं, मान खाली घातली. घरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. शीला आतच होती. काठावर मशीन गुरगुरत राहिलं.

"वाचा," रामीबाई भागवतला म्हणाली.

भागवतनं एका दमात वाचलं. "मी रामीबाई हरिसिंग आडे, लिहून देते की, बोटीच्या धक्क्याने मला किरकोळ खरचटले असून कोणतीही कायमची इजा झालेली नाही. माझे सर्व अवयव शाबूत आहेत. सबब भरपाईचा हक्क मी राजीखुशीने सोडत आहे. निशाणी, डाव्या हाताचा अंगठा." शेवटची ओळ त्याच्या हाताला इतकी सवयीची होती की लिहिताना तो ती पाहतसुद्धा नसे. नानाजींच्या बहिणींच्या कागदांवरही तीच होती.

"लाव," नानाजी म्हणाले.

हरिसिंग काहीतरी बोलणार होता. रामीबाईनं त्याला नजरेनंच थांबवलं. तिनं ओढणी बाजूला सारली आणि डावा हात कागदावर ठेवला. चार बोटं होती. अंगठ्याच्या जागी टाक्यांचा काळसर बुंधा होता.

सोजरबाईच्या हातातलं ताट कललं. करंडा लवंडला आणि कुंकू नव्या लुगड्यावर सांडलं.

"उजवा घे, उजवा!" नानाजी घाईनं म्हणाले. "भागवत, उजवा चालते न?"

"चालते न." भागवतनं पेनाचं टोपण काढलं. तो कागदाचा माणूस होता, कागदाबाहेरचं त्याला दिसत नसे. "फक्त डावा काहून नाई, ते खाली लिहा लागते. नाई तं कागद टिकत नाई. काय लिहू, नानाजी?"

भागवत पेन टेकवून थांबून राहिला.

रामीबाईनं उजवा अंगठा शाईत दाबला आणि कागदावर अधांतरी धरला.

"लिही न बापू," ती म्हणाली. "डावा ह्याच्या बोटीनं नेला. तेवढं लिही, मंग लावते."