झाकण

पूर्वेला फटफटू लागले होते. अनंत मुळगुंद यांनी परसातल्या दुर्बिणीवरची ताडपत्री काढली, तिची नीट घडी केली आणि कॅमेरा सुरू केला. पडद्यावर गुरू उमटला: रेखीव पट्टे आणि मधोमध ते प्रसिद्ध तांबडे वादळ. रविवारी खगोलप्रेमी मंडळात त्यांच्या अशाच छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार होते.

चहा घेऊन आलेल्या मालिनीबाई दुर्बिणीपाशी थबकल्या.

"अहो, झाकण तर काढलंच नाहीत! फोटो काय मनानेच काढलात?"

मुळगुंद हसले आणि मग त्यांनी पडद्यावरच्या गुरूकडे पुन्हा पाहिले. अंधुक राहिलेले बारकावे कॅमेरा जुन्या माहितीवरून भरून काढतो, हे त्यांना ठाऊक होते. अख्खा ग्रहच तो भरत असेल, असे कधी मनात आले नव्हते.

त्यांनी झाकण काढले, कॅमेऱ्यातली 'सुधारणा' बंद केली आणि पुन्हा छायाचित्र घेतले. फिकट, थरथरता गुरू दिसला. पट्टे ओळखू येत होते. वादळ या घटकेला समोरच असायला हवे होते; त्याच्या जागी मात्र काहीच नव्हते.

त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. जगभरचे हौशी निरीक्षक अशाच कॅमेऱ्यांनी रोज ते वादळ टिपत होते, आणि ते केव्हा शमले हे कुणालाच कळले नव्हते.

"हा असला फोटो मंडळात पाठवणार?" ते छायाचित्र पाठवायला घेतलेले पाहून मालिनीबाईंनी विचारले. " लोक म्हणतील, मुळगुंदांना आता भिंगसुद्धा पुसता येत नाही. आणि रविवारचं काय?"

"रविवारचं रद्द करायला सांगतो."

चहा निवत होता. त्यांनी ते अंधुक छायाचित्र मंडळाच्या सर्व सभासदांना आपल्या नावानिशी पाठवले आणि खाली लिहिले: "उद्या पहाटे झाकण लावून गुरूचा एक फोटो घ्या. काय दिसते, ते कळवा."