पोहणारी म्हैस

"सड तीनच हायेत," बिराप्पा मान वर करून म्हणाला.

"चौथा मागच्या पायाआड आहे," अंकिता म्हणाली.

बिराप्पा चार पावलं बाजूला सरकला, वाकला, त्यानं परत वर बघितलं आणि चौथा सड सापडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तो दूध संघाचा संचालक होता. त्याच्या डोक्यावर, नव्या इमारतीच्या प्रवेशदालनात, छताला एक म्हैस टांगलेली होती. पितळी तारेची, अंगावर पातळ पांढरं कापड, पोटात दिवे. ती उभी नव्हती की बसलेली नव्हती. ती पोहत होती. आत येणाऱ्याला आधी तिचं पोट दिसायचं, मग पाणी मारणारे चार खूर. तिच्याही वर लहरी-लहरींची एक हिरवट काच होती. काचेतून उजेड हलत-डुलत खाली उतरायचा आणि फरशीवर नदीचा तळ पसरायचा. त्यात पाऊल टाकलं की माणूस आपोआप हळू चालायला लागायचा. चहावाला तर किटली डोक्यावर धरून आला होता. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

ही म्हैस अंकिताला वाईच्या घाटावर सुचली होती. पाण्यात पाय सोडून बसलेली असताना समोरून म्हशी पोहत गेल्या. नुसती डोकी दिसत होती. बाकीची म्हैस खाली काय करत असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि मग काही केल्या गेलाच नाही. संघाचे सचिव लालासाहेब यांना प्रवेशदालनासाठी खास घडवलेला दिवा हवाच होता. तिनं चित्र पाठवलं. त्यांनी ते उलटं धरून मंजूर केलं. उलटं धरलं की ते कमळ दिसायचं.

आता उद्या उद्घाटन होतं आणि खोक्यात लालासाहेबांनी मागवलेला तयार कमळाचा दिवा येऊन पडला होता. अध्यक्षा मनुबाई यायच्या होत्या. त्या 'नको' म्हणाल्या की म्हैस खाली, कमळ वर, आणि अंकिता महाबळेश्वरला, वडिलांच्या हॉटेलात. तिथं प्रत्येक खोलीत स्ट्रॉबेरीच्या आकाराचा दिवा लावायचं वडिलांनी ठरवलेलंच होतं. दिवे करायला मुलगी घरचीच. एकदा स्ट्रॉबेरीला हात घातला की पुढं म्हैस कुणी मागणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"कितव्या वेताची?" एका संचालकानं सवयीनं विचारलं.

"पहिल्याच," अंकिता म्हणाली. तिचं हे पहिलंच काम होतं.

दुसरा स्टुलावर चढून दात बघू लागला. बाजारात जनावर पारखतात तशी पारख चालली होती. दिवा कसा आहे, हे अजून कुणी बोललंच नव्हतं.

"शिंगं झ्याक. पंढरपुरीच," बिराप्पा म्हणाला. "पर मॅडम, जनावर पळून चाललंय. संघाच्या दारातनं म्हैस पळताना दावायची व्हय?"

"पळत नाही हो. पोहतेय."

"पवून तरी कुठं चाललीया? साताऱ्याला?"

सगळ्यांनी दिशा पाहिली. तोंड खरंच साताऱ्याकडं, म्हणजे त्यांचं दूध पळवणाऱ्या दुसऱ्या संघाकडं होतं. लालासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि खोक्याची दोरी सोडायला घेतली.

तेवढ्यात मनुबाई आल्या. नऊवारी, पायात रबरी चप्पल, बोलणं मोजकं. दुधाला नुसतं बोट लावून पाणी ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती. ती खोटी होती. पण भीतीनं कुणी पाणीच घालत नव्हतं.

त्या दारातून आत आल्या आणि मधोमध थांबल्या. हिरवा उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवरून वाहत होता.

"आक्का, आमी बदलतोयच," लालासाहेब घाईनं म्हणाले. "कमळ हाय आणलेलं."

मनुबाईंनी ऐकलं नाही. त्या वर बघत राहिल्या. पदर हवेनं किंचित उचलला आणि अंकिताला वाटलं, तो आता तरंगत वर जाईल. मनुबाईंनी श्वास रोखून धरला होता. बघता बघता सगळ्यांनीच रोखला. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तोही पाण्यापलीकडून गेल्यासारखा.

"ही कुणी केली?" अखेर मनुबाईंनी विचारलं.

"मी, आजी."

"तू बुडालीवतीस कवा?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"नुसतं सुचलं, आजी."

"मी पोर हुते," मनुबाई म्हणाल्या. "आमी नदीपल्याड वैरणीला निघालेलो. म्हशीवर बसलेले, मधल्या धारंत घसरले. खाली, खाली, पार तळाला. डोळं उघडं हुतं. वर बघितलं, तर ही. अशीच. पोटाखालनं उजेड येत हुता. लय देखणी दिसत हुती गं. भ्या बी वाटंना. घरात कुणाला पटलं न्हाई. म्हणाले, बुडताना कोण म्हशी बघत बसतंय."

लालासाहेबांच्या हातातली दोरी तशीच राहिली. बिराप्पा पुन्हा वर बघू लागला, पण आता सड मोजत नव्हता.

"मग तुम्ही वर कशा आलात, आजी?" अंकितानं विचारलं.

मनुबाईंनी उजवा हात उचलला. बोटं उघडून त्यांनी म्हशीच्या मागच्या बाजूला, रिकाम्या हवेत, काहीतरी चाचपलं.

"हिची शेपटी वर का गुंडाळलीस? खाली सोड, पोरी. आत येणाऱ्याच्या हाताला आली पायजे."