मधली अकरा घरं

"बाई, नाल्यापर्यंतच मोजायचं. पलीकडचं दुसऱ्या गटात येतं," मागच्या जनगणनेला साहेबांनी बजावलं होतं. मी ऐकलं. पलीकडच्या गटातल्या गुरुजींना मात्र रस्त्यापर्यंतच सांगितलेलं. मधली अकरा घरं कुणाच्याच कागदावर आली नाहीत. मग नळही आला नाही.

यंदा नाला बुजला, हद्द सरकली. नव्या नकाशातही ती घरं दोन गटांच्या मधेच राहिली. "नकाशा वरून येतो, बाई," साहेब म्हणाले.

तिथल्या अनसूयामावशी डोक्यावरची घागर उतरवत म्हणाल्या, "तुमच्या देवाला तरी आम्ही ठाऊक आहोत का, विचारा तुमच्या रोजच्या जपात."

"उद्या येते, मोजते," मी खाली बघत म्हटलं.

सकाळी जप आटोपला. शाळेतली कोरी वही घेतली. साहेब ती सरकारी दप्तरात घेणार नाहीत, ठाऊक होतं. चप्पल घातली आणि निघाले.