वैजयंतीची माणसं

पायरीवरून घसरून मनगट मोडलं, तेव्हा वैजयंतीला दुखण्याआधी आपले पेशंट आठवले. कंपनीतली नर्सची नोकरी सोडून ती स्वतःच्या हिमतीवर घरोघरी सलाईन लावायला जात होती. आता तिच्या जागी पाठवायला कुणीच नव्हतं.

तिने कंपनीतल्या जुन्या मैत्रिणीला, फिलोमिनाला फोन केला. "कर्णिक आजोबांना उद्या औषध चढवायचंय गं!"

"रडतेस काय? मी रजा टाकते," फिलोमिना म्हणाली. प्लास्टर निघेपर्यंत ती आपल्या सुट्ट्या वैजयंतीच्या पेशंटांसाठी खर्चत राहिली.

बरी झाल्यावर वैजयंती धास्तावूनच कर्णिकांकडे गेली. आजोबांना आता फिलोमिनाचीच सवय झाली असली तर?

"गुणी आहे गं तुझी मैत्रीण," आजोबा म्हणाले. "कायमची ये म्हटलं, तर म्हणाली, 'ही वैजयंतीची माणसं आहेत.'"

शीर शोधण्याआधी वैजयंतीला डोळे पुसावे लागले.