इस्त्री केलेलं फडकं

सासूबाईंनी बॅगेची चेन ओढली, तसा लॉन्ड्रीवाला जागचा उठला. गाडी बोलावून झाली होती. बॅगेशेजारी झाकणाची टोपली उघडी पडली होती, आणि जिला तिच्यात बसायचं होतं ती सासूबाईंची मांजर ठकी पलंगाखाली भिंतीला चिकटून बसली होती.

दाराबाहेर दुकानात मुकादम गुरगुरत होता. मुकादम हा लॉन्ड्रीचा बोका. सगळा दिवस इस्त्रीच्या टेबलाखाली पसरून तो धन्याच्या कामावर देखरेख करायचा, म्हणून हे नाव. सासूबाई मांजरीला घेऊन राहायला आल्या, त्याच दिवशी दोघांची गाठ पडली आणि धुतलेल्या चादरींच्या ढिगावर अशी जुंपली, की चादरी परत धुवाव्या लागल्या. तेव्हापासून एक दाराच्या आत, एक बाहेर.

"मनाला लावून घेऊ नका, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "घर मुकादमाचं आहे, त्याचं काही चुकलं नाही. पण ठकी धड खात नाही, धड झोपत नाही. आम्ही दोघी आपल्या आमच्या घरी बऱ्या."

आमचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बंद खोल्या. त्याच जिन्यावर त्यांचा पाय मोडला होता, म्हणून तर लेक त्यांना इकडे घेऊन आली होती. पाय आता कुठे जमिनीवर टेकत होता. अशा पायानं पुन्हा तिथे एकटीनं राहायचं, हे लॉन्ड्रीवाल्याला मुळीच पटत नव्हतं.

खरं सांगायचं तर तो थोडा रुसलाही होता. साऱ्या गल्लीचे कपडे त्याच्याकडे येत, एका सासूबाईंचे तेवढे येत नसत. पहाटे उठून, दुखऱ्या पायावर उभं राहून त्या आपले कपडे आपणच खळबळत आणि दारामागे वाळत घालत. जावयाला कसले कपडे धुवायला लावायचे, असं त्यांचं म्हणणं. लॉन्ड्रीवाल्याच्या घरात राहून माणसानं असं करावं, याचा त्याला अपमान वाटे.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ते केलंत ना सगळं?" बायकोनं त्याला विचारलं. डॉक्टर म्हणजे प्राण्यांचे.

"अगदी डोळ्यांत तेल घालून. ठकीच्या अंगावरून फडकं फिरवायचं आणि मुकादमाच्या जागेवर ठेवायचं. मुकादमाचं इकडे आणायचं. एक दिवस चुकवला नाही. हे बघ, आजचं."

त्यानं टोपलीमागून फडकं काढून पुढे केलं. पांढरंशुभ्र, चौघडी घातलेलं, कडेला कड बरोबर जुळलेली.

बायकोनं ते उलटंसुलटं केलं. मग नाकाशी नेलं.

"अहो, हे धुतलंय."

"मग?"

"आणि इस्त्री?"

"केसांनी भरलेलं फडकं पाहुणीपुढे ठेवू का? खळसुद्धा घातलीय."

"अहो, डॉक्टरांनी एकमेकांचा वास द्यायला सांगितला होता," बायको म्हणाली. "साबणाचा नाही."

मग सासूबाई पलंगावर टेकल्या आणि हसायला लागल्या. अंग गदगदा हलेपर्यंत हसल्या. इथे आल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या.

"तरीच म्हणते," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ठकी त्या फडक्याकडे बघत का नाही. तिला वाटलं असेल, कुणा गिऱ्हाइकाचा रुमाल राहिलाय."

लॉन्ड्रीवाला ओशाळला. पण गडी विचारात पडला होता. दुपारी मुकादम त्याच्या मांडीवर लोळला होता. एरवी जेवण झालं की तो शर्ट बदलायचा. आज बॅग भरायच्या धांदलीत ते राहून गेलं होतं. त्यानं गुंड्या काढायला सुरुवात केली.

"अहो, आई बसलीय समोर," बायको पुटपुटली.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तो सासूसमोर बनियनवर उभा राहिला. मग पालथा पडून त्यानं शर्ट पलंगाखाली सरकवला. बाही चुरगळली होती. ती सरळ करायला हात आपोआप पुढे गेला, तो त्यानं निग्रहानं मागे घेतला.

सासूबाईंनी अंगावरची शाल काढून लेकीकडे दिली. "ही घाल त्या मुकादमापुढे. झटकू नकोस."

पलंगाखालून आधी नाक आलं, मग मिशा. ठकीनं कॉलर हुंगली, काख हुंगली, तिथे तर चांगलीच रेंगाळली. मग पंजांनी शर्ट मनासारखा तुडवला आणि अंगाचं वेटोळं करून त्यावर बसली. बाहेरची गुरगुर थांबली होती. बायकोनं दार किंचित किलकिलं केलं, तर मुकादम शालीवर हनुवटी टेकून पसरला होता. त्यानं फटीतून आत बघितलं, ठकीनं एक डोळा उघडून बाहेर बघितलं, आणि मिटून घेतला.

लॉन्ड्रीवाल्याला इतका आनंद झाला, की आपण बनियनवर आहोत हेही तो विसरला.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"त्याला जा म्हणावं," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ताशी कुठे डोळा लागलाय तिचा."

मग त्यांनी बॅग उघडली. तळाशी कालच्या कपड्यांचं बोचकं होतं. निघायच्या गडबडीत आज पहाटे ते धुवायचं राहिलं होतं. ते त्यांनी उचललं, जरा घुटमळल्या, आणि जावयाकडे न बघताच त्याच्या हातात दिलं.

"एवढे टाका धुवायला," त्या म्हणाल्या. "खळ मात्र नको."