बंदूक घरी न्यायची मुभा

नवा नियम आला. ड्यूटी संपल्यावर पहारेकऱ्यांना कामाची बंदूक घरी नेता येणार होती. जमा करायचा हेलपाटा वाचला म्हणून सगळे खूश होते. सगळ्यांत जुने पहारेकरी काका मात्र त्या संध्याकाळीही बंदुकांच्या खोलीशी आले आणि गोळ्या काढून त्यांनी बंदूक खिडकीतून आत सरकवली.

"काका, नियम वाचला नाहीत वाटतं," आतला कारकून हसला. "आता खुशाल घरी न्या."

"नको रे बाबा. इथंच असू दे."

"काकूंना एवढं घाबरता? घरात हे धूड नको म्हणायच्या, पण आता…" कारकुनाने जीभ चावली. काकूंना जाऊन महिनाही झाला नव्हता.

"आता घरी मी एकटाच असतो," काका खाली बघत म्हणाले. "म्हणून तर नको म्हणतोय."

कारकुनाने बंदूक कपाटात ठेवली, कुलूप ओढून पाहिलं आणि तो बाहेर आला.

"चला काका, आज आमच्याकडे जेवायला. स्वयंपाक बेताचाच असतो, पण आमच्या घरात कोणी घटकाभर गप्प बसत नाही."